उत्तर-आधुनिक कलेत दगडाचे काम काय?

प्रश्न थोडक्यात असा. बडोद्यात शिल्पकलेच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या विद्यार्थिनीला अंतिम प्रदर्शनासाठी दगडात काम करायचे आहे. पण दगड म्हणजे मागे जाणे, त्यापेक्षा मांडणीशिल्प (इन्स्टॉलेशन) किंवा व्हिडिओ कर, असे तिला सुचवले जाते. उत्तर-आधुनिक, म्हणजे आधुनिकतेचे नियम मोडून पुढे गेलेल्या, कलेत दगडाला जागा उरली आहे का, असल्यास कोणती, आणि काम उभे कसे करायचे, असे तिने विचारले आहे.

जागा आहे, फक्त ती पूर्वीची नाही. आधुनिक शिल्पकार ब्रांकुशीने 1907-08 मध्ये ‘चुंबन’ थेट चुनखडीत कोरले, तेव्हा त्याचा विरोध एका पद्धतीला होता: शिल्पकाराने मातीत घडवायचे, त्याचा प्लास्टरचा साचा काढायचा आणि संगमरवरात उतरवण्याचे काम कारागिरांवर सोपवायचे. आपल्याकडे शिल्पकार गणपतराव म्हात्रे आणि पुढे धारला स्थायिक झालेले रघुनाथ फडके यांची पिढी याच शिस्तीत वाढली. आधुनिकतेने सांगितले की ठोकळ्याशी शिल्पकारानेच झुंजावे आणि दगडाने दगडासारखेच दिसावे. बडोद्यात शंखो चौधुरींच्या काळात उभ्या राहिलेल्या शिल्प विभागातून नागजी पटेलांसारखे दगडाचे मोठे शिल्पकार घडले, तेही याच विचाराच्या जवळचे. उत्तर-आधुनिकांनी नेमकी हीच दोन कलमे मोडली. कोरणारा हात कोणाचा याला महत्त्व उरले नाही, आणि दगडाने प्रामाणिक असण्याची सक्तीही गेली.

मग उरले काय? वजन, वेळ, खाण, किंमत, आणि दगडाला समाजात आधीच चिकटलेले अर्थ: देऊळ, स्मारक, कोनशिला, थडगे, स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा ओटा. तुमचे काम यातल्या कशावर उभे आहे, हे आधी ठरवा. त्यासाठी एक कसोटी पुरते. हेच काम फायबरमध्ये करून वर दगडी रंग मारला, तर काय बिघडेल? काहीच बिघडत नसेल तर दगड घेऊ नका. पाठीचे, पैशाचे आणि ठोकळ्याचे नुकसान टळेल.

या कसोटीवर पूर्ण उतरणारे काम म्हणजे इटालियन शिल्पकार जोवान्नी अन्सेल्मोचे 1968 मधले शिल्प. ग्रॅनाइटच्या उभ्या ठोकळ्याला छोटा ग्रॅनाइटचा तुकडा तांब्याच्या तारेने बांधलेला आणि दोघांच्या मध्ये ताजा सॅलडचा गड्डा. पाने सुकली की तार सैल होते आणि तुकडा पडतो. तो पडू नये म्हणून कोणीतरी रोज भाजी बदलायची. इथे कोरीवकाम शून्य आहे, पण ग्रॅनाइट काढून थर्मोकोल ठेवला की काम मेले. जर्मन कलाकार जोसेफ बॉइसने 1982 मध्ये जर्मनीतल्या कासेलला 7000 बसाल्टचे खांब रचले. शहरात एक ओक लागला की एक खांब ढिगातून उचलून त्या झाडाशेजारी रोवायचा. शेवटचे झाड त्याच्या मृत्यूनंतर 1987 मध्ये त्याच्या मुलाने लावले. झाड वाढत जाते, दगड तेवढाच राहतो, आणि दोघांतले प्रमाण दर वर्षी बदलते. शिल्प त्या बदलात आहे. अमेरिकन शिल्पकार मायकल हायझरच्या 340 टनी शिळेने 2012 मध्ये खाणीपासून लॉस एंजेलिसच्या संग्रहालयापर्यंतचे सुमारे 105 मैल 11 रात्रींत कापले. रस्त्यावर लोटलेली गर्दी पाहता वाहतूक हीच कलाकृती झाली होती, असे म्हणायला हरकत नाही.

दुसरी वाट नकलेची आणि अवतरणाची, म्हणजे ओळखीची रूपे मुद्दाम उसनी घेण्याची. जेफ कून्सचा 1991 चा संगमरवरी अर्धपुतळा, आय वेईवेईचा 2010 चा संगमरवरी पाळत-कॅमेरा, कातेलानने मिलानच्या शेअरबाजारासमोर उभारलेला मधले सोडून बाकी बोटे छाटलेला हात, मार्क क्विनने 2005 मध्ये लंडनच्या ट्रफाल्गर चौकातल्या रिकाम्या चौथऱ्यावर बसवलेली ॲलिसन लॅपर यांची 3.55 मीटरची मूर्ती. यात कार्यशाळांच्या कसबी हातांचा वाटा मोठा आहे, आणि शिल्पकारांना ते लपवायची गरज वाटत नाही. चकाकता पांढरा संगमरवर म्हणजे गौरव, हा प्रेक्षकाच्या मनातला अर्थ त्यांना फुकट मिळतो. मग त्या गौरवाच्या जागी पाळत-कॅमेरा बसवायचा, किंवा चौकातल्या सेनापतींच्या शेजारी हात नसलेली गर्भवती स्त्री. दगड बदला, काम कोसळते.

हातकामाला बंदी आहे, असा मात्र याचा अर्थ नाही. बडोद्यातच शिकलेल्या ध्रुव मिस्त्रींचे बर्मिंगहॅमच्या व्हिक्टोरिया चौकातले वालुकाश्माचे रक्षक प्राणी 1993 चे आहेत. मिश्र, कोणत्याही एका परंपरेत न बसणारे. तेही याच काळाचे.

आता बडोद्यातून कोणता दगड घ्यायचा ते पाहू. नकलेच्या कामाला मकराना. कण बारीक, धार टिकते. अंबाजीचा पांढरा जवळ पडतो आणि मोठ्या आकाराला चांगला, पण बऱ्याच ठोकळ्यांत कण मोठे असल्यामुळे बोट, तार, कापडाची कड अशा बारीक जागा तुटतात. काळा हवा तर राजस्थानचा भैंसलाना. तो आत ठेवायच्या कामालाच घ्या, उघड्यावर त्याची चकाकी उतरते आणि तो राखाडी दिसू लागतो. वालुकाश्मात ध्रांगध्रा, बंसी पहाडपूरचा गुलाबी आणि ग्वाल्हेरचा फिका पांढरट असे पर्याय आहेत. फोडायच्या कामाला ग्रॅनाइट.

वजनाचा हिशेब पाठच करा. एक घनफूट संगमरवर साधारण 76 किलो, वालुकाश्म 62 ते 68, काळा बसाल्ट 82 च्या आसपास. दोन फुटांचा संगमरवरी घन म्हणजे 8 घनफूट, सुमारे 610 किलो, आणि तो टेकतो फक्त 4 चौरस फुटांवर. म्हणजे चौरस मीटरला सुमारे 1640 किलो. प्रदर्शनाच्या दालनाची फरशी साधारण चौरस मीटरला 400 ते 500 किलोच्या हिशेबाने बांधतात, घराची 200. वरच्या मजल्यावर मांडायचे असेल तर लोखंडी चॅनेलच्या चौकटीवर 5 फूट बाय 5 फुटांचे तळपाट करा. भार चौरस मीटरला 265 किलोंच्या आसपास येतो. त्यात पाटाचे स्वतःचे वजन मिळवा. नुसता पत्रा टाकून भार पसरत नाही, पत्रा वाकतो आणि भार मध्येच राहतो. तुळई कुठून जाते ते इमारतीच्या अभियंत्याला विचारून तिच्यावरच मांडा.

खरेदीला जाताना बादली आणि हातोडी न्या. ठोकळ्यावर हातोडी मारली की निरोगी दगड खणखणीत वाजतो, आत चीर असेल तर बद्द. ठोकळा जमिनीवर सपाट पडलेला असेल तर हा आवाज फसवतो, म्हणून दोन फळ्यांवर टेकवून मारा. मग पूर्ण ओला करून सुकू द्या. सगळीकडचे पाणी उडाले तरी चिरेच्या रेघेत ओल काही वेळ काळी दिसते. व्यापारी कधी कधी चीर राळेने आणि मेणाने भरून ठोकळा घासून ठेवतात. कापडावर ॲसिटोन घेऊन संशयित रेघ पुसली की भरलेला भाग चिकट होतो किंवा त्याचा रंग बदलतो. वालुकाश्मात थर कोणत्या दिशेने आहेत त्याची खूण खाणीतच करून घ्या. थर आडवे ठेवायचे. उभे आणि दर्शनी बाजूला समांतर राहिले, तर काही पावसाळ्यांत पापुद्रे सुटतात. खाणीतून नुकताच निघालेला वालुकाश्म टाकीला (छिन्नीला) मऊ लागतो आणि सुकत जाताना कडक होतो, त्यामुळे तो आणून वर्षभर ठेवून देण्यात तोटाच आहे.

फोडणे

फोडलेला दगड परत जुळवून मांडणे ही जर्मन शिल्पकार उलरिश र्‍युकरीमची ओळख. हे सोपे दिसते, म्हणून विद्यार्थ्यांची सगळ्यात जास्त कामे इथेच फसतात. रेघेवर 16 ते 20 मिलिमीटर व्यासाची भोके, 75 ते 100 मिलिमीटर खोल, एकमेकांपासून 100 ते 150 मिलिमीटरवर. प्रत्येक भोकात दोन पोलादी पाती आणि मध्ये पाचर, सगळ्या पाचरींची पाती एकाच दिशेला, रेघेला समांतर ताण देणारी नव्हे तर तिच्या दोन्ही बाजूंना ढकलणारी. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हलके ठोके देत जा, परत पहिल्यापासून. आवाज चढत जातो. तो एकदम उतरला की थांबा आणि दगडाला वेळ द्या. घाईने एकच पाचर ठोकत राहिलात तर चीर त्या भोकातून वाट्टेल तिकडे पळते.

दुसरा नियम: रेघेच्या दोन्ही बाजूंना वस्तुमान साधारण सारखे हवे. तीन फुटी ठोकळ्याची सहा इंची चकती काढायला गेलात, तर चीर पातळ बाजूकडे वळून वरच्या वरच बाहेर पडते. आधी अर्धा करा, मग अर्ध्याचा अर्धा. संगमरवरात शिरा असतील तर तो तुमची रेघ सोडून शिरेचे ऐकतो. भोकांचे अर्धगोल पन्हळ फुटलेल्या बाजूवर राहू द्यायचे की घासायचे, हा निर्णय कलेचा आहे. माझे मत, राहू द्या. फोडण्याची कृती दिसावी म्हणून तर फोडले.

पोकळी

अनिश कपूरने 1990 च्या व्हेनिस द्वैवार्षिकीत वालुकाश्माचे ओबडधोबड ठोकळे मांडले. प्रत्येकाच्या माथ्यावर एक काळे भोक, तळ न दिसणारे. इतका जड दगड आतून रिकामा आहे ही शंका म्हणजे ते काम. करायला जाल तर अडचण तळाशी येते. भिंत आणि तळ यांच्या सांध्यात कोपरा राहिला तर डोळा त्यावरून खोली मोजतो आणि जादू संपते. आतला वक्र अंड्याच्या आतल्या बाजूसारखा अखंड हवा. मोठी पोकळी काढताना पाण्यावर चालणाऱ्या, गोल भोक पाडणाऱ्या कोअर यंत्राने 4 ते 6 इंची भोके शेजारी शेजारी पाडा, मधल्या भिंती टाकीने तोडा, मग ग्राइंडरने वक्र जुळवा. वालुकाश्मात बाहेरची भिंत 3 इंचांपेक्षा पातळ करू नका. आत घासण्याचे काम 60 किंवा 80 नंबरच्या खरखरीत घासकागदावर थांबवा, गुळगुळीत पृष्ठभागावर कोरडे रंगद्रव्य धरत नाही. तोंडाच्या कडेला मात्र रंग लागलेला चालत नाही. तिथे कागदी टेप लावून रंग भरा आणि प्रेक्षक हात घालणारच हे गृहीत धरून जास्तीचा डबा जवळ ठेवा.

नक्कल

वस्तू स्कॅन करून यंत्रावर कोरून घेता येते, पण यंत्राचे काम शेवटच्या काही मिलिमीटरला थांबवा. उरलेले हाताने. यंत्राच्या समांतर रेघा ठेवायच्या असतील तर सगळीकडे ठेवा, अर्धवट घासल्या तर ती कंटाळ्याची खूण वाटते. हाताने करायचे तर तीन पक्क्या बिंदूंवर बसणारे आणि मॉडेलवरची मापे दगडावर उतरवणारे मोजणी यंत्र अजूनही उत्तम चालते. कापडाची घडी, वहीचे पान अशा वस्तूंत संगमरवर 20 मिलिमीटरच्या खाली नेऊ नका. काठ आतून तिरपा कापला की समोरून 4 मिलिमीटरचाच दिसतो आणि मागे जाडी शाबूत राहते. घासणे 60, 120, 220, 400, 800 असे क्रमाने. एक पायरी गाळली तर तिच्या आधीचे ओरखडे चकाकी आल्यावरच दिसतात आणि पुन्हा मागे जावे लागते. कापडासारख्या वस्तूला 220 ते 400 वर थांबा, कारण आरशासारख्या चकाकीत सावल्या वितळतात आणि घड्या सपाट दिसतात. प्लास्टिक किंवा काचेची नक्कल असेल तर उलट. फरशी साफ करायचे ॲसिड संगमरवराला लावू नका, पृष्ठभाग क्षणात खातो.

कारागीर ही या वाटेवरची खरी गोष्ट आहे. ‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही’ असे आपण म्हणतो, आणि टाकी कोणाच्या हातात होती हे विसरतो. गुजरातेत देवळे घडवणारी सोमपुरा घराणी, अंबाजी-ध्रांगध्र्याचे घडणारे, तिकडे ग्वाल्हेरचे पाथरवट, यांच्याकडे कल्पना एकाची आणि हात अनेकांचे हे शतकानुशतके चालत आले आहे. ग्वाल्हेरच्या गोपाचल कड्यात 15 व्या शतकात कोरलेल्या प्रचंड जैन मूर्ती कोणा एकाच्या सहीच्या नाहीत. युरोपात जे बंड ठरले ते इथे नेहमीचे होते, म्हणून ‘मी स्वतः कोरले नाही’ एवढ्याने इथे कोणी चमकणार नाही. नाव, मजुरी आणि कोणत्या भागात कोणाचा निर्णय चालला, हे पाटीवर लिहा. त्यातून काम अधिक धारदार होते. कारागिराला मॉडेल देताना चारही बाजू द्या. तीनच दिल्या तर मागची बाजू तो आपल्या सवयीने सजवतो, आणि तुमच्या कॅमेऱ्याला मागून कमळ येते.

अक्षरे

अमेरिकन कलाकार जेनी होल्झरने ग्रॅनाइटच्या बाकांवर वाक्ये कोरली. आपल्याकडे तर कोनशिला हा तयार साचा प्रत्येक चौकात पडलेला आहे: अमुक यांच्या शुभहस्ते, तारीख, नावांची उतरंड. मराठी विद्यार्थी याकडे फारसे वळत नाहीत याचे नवल वाटते. बडोद्याच्या रावपुऱ्यात हिंडलात तरी विषय मिळतील. देवनागरीत अडचण शिरोरेखेची आहे. लांब आडवी खाच आणि तिच्या अगदी लगतच्या मात्रा, यांच्यामधली दगडाची पट्टी पातळ राहते आणि उडते. वालुकाश्मात अक्षर 25 मिलिमीटरपेक्षा लहान नको, बारीक कणांच्या संगमरवरात 15 पर्यंत चालते. आधी उभे दंड आणि मात्रा कोरा, शिरोरेखा शेवटी. वाळूच्या फवाऱ्याने केलेल्या अक्षराचा तळ सपाट येतो आणि धुळीने भरतो. टाकीने काढलेली इंग्रजी व्ही आकाराची खाच तिरप्या उन्हात रंगाशिवाय वाचता येते. उत्तरेकडे तोंड असलेल्या भिंतीवर वर्षाचे बहुतेक दिवस थेट ऊन येत नाही, म्हणून तिथे खाच जास्त खोल घ्या.

जोड देताना साधे लोखंड कधीही वापरू नका. गंजले की फुगते आणि आतून दगड फोडते. स्टेनलेसची आटे पाडलेली सळई घ्या, भोक तिच्यापेक्षा 3 ते 4 मिलिमीटर मोठे, आतली धूळ फुंकून आणि ब्रशने काढून मगच इपॉक्सी. धूळ राहिली तर इपॉक्सी धुळीला चिकटते, दगडाला नाही. सांध्याच्या कडेपासून 5 मिलिमीटर आतच ते थांबवा, उन्हात पिवळे पडते. आणि बडोद्याचा उन्हाळा लक्षात ठेवा: हवा 43 अंशांवर असताना काळ्या दगडाचा पृष्ठभाग 60 च्या वर जातो, आणि साधे इपॉक्सी 50 ते 60 च्या आसपास मऊ पडू लागते. लटकता भाग केवळ गोंदावर ठेवू नये, भार सळईने किंवा खाचेने पेलला पाहिजे.

उचलण्याला साखळी-कप्पी आणि नायलॉनचे पट्टे. दोन पट्ट्यांमधला कोन 60 अंश असेल तर प्रत्येकावर वजनाच्या 58 टक्के ताण येतो, 120 अंश झाला की प्रत्येकावर पूर्ण वजन. पट्टे आखूड घेतले की हेच होते आणि ‘एक टनाचे दोन पट्टे होते तरी तुटले’ असे लोक म्हणतात. कडांवर रबर किंवा गोणपाट घाला.

धूळ हा सगळ्यात गंभीर भाग. संगमरवराची धूळ त्रासदायक आहे, वालुकाश्म आणि ग्रॅनाइटची जीवघेणी, कारण त्यात स्फटिकरूप सिलिका असते. खंभातचे अकीक घासणारे आणि गोध्र्याच्या क्वार्ट्झ कारखान्यांत राबलेले झाबुआ-अलीराजपूरचे मजूर यांना सिलिकोसिसने काय केले ते या भागात सर्वांना माहीत आहे. फुफ्फुस बरे होत नाही. पाणी सोडत कापा, किंवा ग्राइंडरला धूळ ओढणारे यंत्र जोडा, आणि बदलत्या फिल्टरचा घट्ट बसणारा मुखवटा वापरा. तोंडाला बांधलेला रुमाल बारीक धूळ अडवत नाही. अंगण झाडू नका, धुवा.

उघड्यावर मांडायचे असेल तर आपली काळी माती शत्रू आहे. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि चौथरा तिरका होतो. इंदूर-माळव्यातही हेच. साधारण मीटरभर खोदून माती पूर्ण काढा, मुरूम थरांनी ठोकून भरा, वर साधे काँक्रीट आणि त्यावर सळयांचे पाट. वालुकाश्माखाली ग्रॅनाइटची पट्टी घाला. तिच्याशिवाय जमिनीतली ओल क्षार घेऊन चढते आणि पायथ्याचा एक फूट भुसभुशीत होतो.

जागेबद्दलही सावध राहा. बडोद्यातल्या फतेगंजच्या चौकातले नागजी पटेल आणि कृष्ण छातपार यांचे वडाचे शिल्प शहराची खूण झाले होते, तरी उड्डाणपुलापुढे ते तिथे राहू शकले नाही. म्हणून जे काम एका जागेसाठीच आहे, त्याचा करार लेखी करा. कोण हलवू शकतो, हलवल्यावर ते तेच काम राहते का, हे त्यात असू द्या. प्रत्येक भागाच्या माथ्यावर उचलण्याची दोन भोके ठेवा, दगडी बुचाने बंद केलेली, आणि कोणता तुकडा किती किलोचा याचा नकाशा कराराला जोडा. परीक्षेच्या प्रदर्शनानंतर दगड कुठे जाणार हे आत्ताच ठरवा. विभागाच्या आवारात ठेवायचा असेल तर तळाखाली दोन ओंडके राहू द्या, म्हणजे पुढच्या वेळी पट्टा घालायला पहारीने कड फोडावी लागत नाही.